एकच अल्बम सांगा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा (रॉक/मेटल, कोल्हापूर स्पेशल)

उद्यमनगरी

राम राम मंडळी.

पोरगं दहावीत आहे. परवा माळा आवरताना कॅसेटचा खोका खाली काढला, तर विचारतंय, "पप्पा, ह्यात पुढचं गाणं कसं लावायचं?" म्हटलं, लावायचं नसतं, येतं ते. त्याला कळेना. त्याच्या फोनवर एक गाणं मेटॅलिकाचं, पुढचं अजय-अतुलचं, त्याच्यापुढचं कुठल्यातरी कोरियन पोरांचं. तक्रार नाही, ज्याचा त्याचा नाद. पण अल्बम नावाची वस्तू असते हेच त्याच्या गावी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अल्बम नाटकासारखा ऐकायचा. तिसरी घंटा झाली की बसायचं, मध्ये उठायचं नाही, आणि तिसरा अंक आधी बघायचा नाही. क्रम बदलला की अल्बम मेला.

दुसरं म्हणजे हे जड संगीत आपल्या गावाला परकं नाही. ब्लॅक सबाथ बर्मिंगहॅमचे, म्हणजे पत्रा, लोखंड, प्रेस आणि फाउंड्रीचं गाव. त्यांचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला, तोही एका दिवसात रेकॉर्ड केलेला. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमचं घर शिवाजी उद्यमनगरात, खाली वर्कशॉप, वर आम्ही. प्रेसचा ठोका भिंतीतून यायचा आणि सबाथच्या टोनी इओमीचं गिटार त्याच्यात मिसळायचं. मला वाटलं, ही आपलीच माणसं.

तर सांगा. पोराला एकच अल्बम बसवून ऐकवायचा असेल तर कुठला? आणि तुमचा तुमच्यापर्यंत कसा पोचला तेही लिहा, नुसती नावं नकोत.

रंकाळ्यावरचा_बगळा

मेटॅलिकाचा मास्टर ऑफ पपेट्स. विषय संपला.

मिसळ_जास्त_कट

जागा धरून ठेवतो. रात्री जेवून सविस्तर लिहितो.

पेठेतला

पहिला मान तालमीचा. मला आयर्न मेडन मिळालं ते तालमीत. खोटं वाटेल, पण खरंय. आमच्या तालमीत एक थोराड पोरगं होतं, पुण्याला इंजिनिअरिंगला होतं, सुट्टीला आलं की टेपरेकॉर्डर घेऊन यायचं. 'द नंबर ऑफ द बीस्ट' लावून सपाटे मारायचं. 'रन टू द हिल्स' लागलं की सगळ्यांचा वेग आपोआप वाढायचा. वस्ताद दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लावा. पण ते शेवटचं गाणं लागलं की बैठका मोजताना चुकायला हुतंय, ते लावू नगासा."

शेवटचं गाणं म्हणजे 'हॅलोड बी दाय नेम'. सात मिनिटांचं, सुरुवात संथ, मग वेग. वस्तादांचं बरोबर होतं, त्यावर बैठका होत नाहीत.

गायनवेडा_६२

लहान पोरांच्या धाग्यात म्हातारा घुसतोय, चालवून घ्या. मी देवल क्लबात वाढलेला. तुमचं हे संगीत मला कळत नाही, पण अल्बमचा क्रम पवित्र वगैरे वाचून राहवलं नाही.

केसरबाई केरकर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब आपल्या कोल्हापूर दरबारचे. बाईंची 'जात कहां हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. लांबी साडेतीन मिनिटं. मैफलीत राग तासभर चालायचा, पण तबकडीत तेवढीच जागा. त्या साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांवर आमची अख्खी पिढी पोसली. वस्तू पूर्ण मिळाली नाही म्हणून कुणाचं अडलं नाही.

उद्यमनगरी

@गायनवेडा काका, नमस्कार. मुद्दा मान्य नाही, पण व्हॉयेजर काढल्यावर पुढं काय बोलणार.

एमआयडीसी_शिरोली

मूळ धाग्यातल्या रोमँटिकपणाला माझा विरोध. मी 19 वर्षं फाउंड्रीत आहे. शेकआऊटला, म्हणजे साचा झटकून ओतीव माल बाहेर काढताना, मोल्ड हादरायला लागला की कानात बोळे घालावे लागतात, तिथं कुणाला गिटार सुचत नाही. आमच्या शॉप फ्लोअरवर भजनं, जुनी हिंदी गाणी आणि आता मोबाइलवरचे रील्स. मेटल ऐकणारे कोण? हॉस्टेलची पोरं आणि मालकांची मुलं. वर राहणारे, खाली काम करणारे नव्हेत. राग मानू नका, पण "खाली वर्कशॉप, वर आम्ही" हे वाक्य तुम्हीच लिहिलंय.

उद्यमनगरी

राग कसला. वर्कशॉप भाड्याच्या जागेत होतं आणि वडील स्वतः लेथवर उभे राहायचे. पण मुद्दा पोचला.

तरी एक सांगतो. टोनी इओमी मालकाचा मुलगा नव्हता. 17 वर्षांचा होता, कारखान्यात पत्र्याच्या कामावर. नोकरीचा शेवटचा दिवस, पुढं बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. दुपारी घरी जेवायला आला, म्हणाला आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. रोजचा प्रेसवाला आला नव्हता म्हणून याला बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. पुढं पुढं तारा सैल करून वाजवायला लागला. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त गिटार दीड स्वर खाली उतरवलंय. आज ज्याला आपण जड आवाज म्हणतो त्यात त्या प्रेसचा हात आहे.

रंकाळ्यावरचा_बगळा

चामडं म्हटल्यावर कोल्हापूरचा संबंध आलाच. पायात घालतो आपण, त्यानं बोटाला घातलं.

एमआयडीसी_शिरोली

ही गोष्ट मला माहीत होती, आणि ती इथं निघणार हेही माहीत होतं. म्हणून आता लिहितोच.

माझ्या चुलत्यांची दोन पेरं पॉवर प्रेसवर गेली. डावा हात. कुठल्या कंपनीत ते सोडा. ते हार्मोनियम वाजवायचे, गल्लीतल्या भजनी मंडळात. त्यानंतर भाता मारायला डावा हात चालायचा, म्हणून पेटी सुटली नाही. मी कॉलेजला असताना त्यांना इओमीचा फोटो दाखवला, टोपणं घातलेल्या बोटांचा. मोठ्या उत्साहात सगळी कथा सांगितली. त्यांनी फोटो लांब धरून बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "त्याला कंपनीनं काय दिलं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. अजून नाही. त्यामुळं तो अल्बम मी ऐकतो, पण तुमच्यासारखं "आपलीच माणसं" असं मला होत नाही.

मिसळ_जास्त_कट

जेवून आलो तर धाग्याचं हे झालंय. वरचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझं हलकं घ्या. ज्युडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील', 1980. तेही त्याच भागातले. त्यांचा गिटारवाला ग्लेन टिप्टन तर ब्रिटिश स्टील कंपनीतच उमेदवारी करून आलेला. त्या अल्बममध्ये 'मेटल गॉड्स' गाण्यात लोखंडी पावलांचा आवाज आहे ना, तो काटे-चमच्यांचा ट्रे हलवून काढलाय. हे कळल्यावर मी घरी मांडणीतला चमच्यांचा डबा घेऊन प्रयोग केला. आवाज बरोबर आला. आईचाही आला.

इंग्लिश_मॅडम

बायकांनी लिहिलं तर चालेल ना? मेडनचाच 'पॉवरस्लेव्ह', 1984. भावाच्या खोलीतून चोरून ऐकलेला. त्यातलं शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं, कोलरिजच्या कवितेवरचं. म्हाताऱ्या खलाशाची, अल्बट्रॉस मारणाऱ्याची.

शिवाजी विद्यापीठाच्या बीएच्या पेपरला तीच कविता आली. वर्गातल्या सगळ्या पोरी गाइडमधलं पाठ करून आलेल्या. मी पाठ काहीच केलं नव्हतं, मनातल्या मनात गाणं लावलं आणि जहाज थांबलं, तहान लागली, मेलेले खलाशी उठले, असं ओळीनं लिहीत गेले. मध्ये गिटारचा सोलो येतो तिथं परिच्छेद सोडला. वर्गात पहिली आले. आता मीच शिकवते ती कविता, आणि मध्यभागी कुठं थांबायचं हे मला अजूनही त्या गाण्यावरूनच कळतं.

पेठेतला

@इंग्लिश मॅडम, लई भारी. आमच्या वस्तादांना सांगायला पाहिजे, लांब गाण्याचा उपयोग होतो म्हणून.

सायबरकॅफे_२००३

आता मला शिव्या बसणार. लिंकिन पार्क, हायब्रिड थिअरी.

रंकाळ्यावरचा_बगळा

ते मेटल नाही.

सायबरकॅफे_२००३

माहीत होतं. तरी ऐका.

राजारामपुरीत एका कॅफेत तासाला पैसे देऊन बसायचो. तिथला दादा एमपीथ्रीची सीडी करून द्यायचा, दीडशे गाणी एका सीडीत. कुठलं गाणं कुणाचं काय पत्ता नाही, अर्ध्या फाइलींची नावं चुकीची. पण हायब्रिड थिअरी पूर्ण होता, बारा गाणी. आमचा प्लेअर गाणी इंग्रजी बाराखडीनं लावायचा. त्यामुळं माझा अल्बम 'अ प्लेस फॉर माय हेड'नं सुरू होतो आणि 'विथ यू'वर संपतो. खरा अल्बम 'पेपरकट'नं सुरू होतो हे मला नोकरी लागल्यावर कळलं. एकदा खऱ्या क्रमानं ऐकला. सगळं चुकल्यासारखं वाटलं, म्हणजे घरात येऊन कुणीतरी फर्निचर हलवल्यासारखं. परत बाराखडीवर आलो.

20 जुलै 2017 ला त्यांचा गायक चेस्टर गेला. त्या रात्री पंचगंगा घाटावर जाऊन बसलो आणि 'अ' पासून सुरू केलं.

तर धागाकर्ते, क्रम बदलला की अल्बम मेला म्हणताय, माझा तर बदललेल्या क्रमातच जगला.

गायनवेडा_६२

@सायबरकॅफे, हे मला कळलं. संगीत नाही, बाकीचं.

रंकाळ्यावरचा_बगळा

बरं, शब्द मागं घेतो. अर्धा.

हलगीवाला

तुमचे डबल बेस ड्रम वगैरे ठीक आहे. पण हलगी ऐकलीय ना? उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी. जाळावर शेकून चामडं ताणून घ्यायचं, मग बघा कडकडाट. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगीवाला पैलवानाच्या अंगात शिरतो. मला भावानं स्लेअरचा 'रेन इन ब्लड' ऐकवला, 1986 चा. दहा गाणी, 29 मिनिटं, एकाला थांबायला वेळ नाही. म्हटलं हा ड्रमवाला कोण? डेव्ह लोम्बार्डो म्हणाला. म्हटलं ह्याला आणा जोतिबाच्या यात्रेला, सासनकाठीपुढं उभा करू, टिकतो का बघू.

शेवटच्या गाण्यात गडगडाट होऊन पाऊस पडतो. तेवढा पाऊस गगनबावड्यात चहा पिऊस्तोवर पडतोय.

रंकाळ्यावरचा_बगळा

जाळ अन् धूर संगटच! हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

अवांतर: त्या अल्बमच्या कॅसेटमध्ये दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम भरलेला असायचा, एवढा छोटा. उलटली की परत तेच. पोराला हाच द्या, अर्ध्या तासात सुटतो.

जाळाचा_वास

डीप पर्पलचा 'मशीन हेड', 1972. गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, कॅसिनोत फ्रँक झप्पा ह्या दुसऱ्या गिटारवाल्याचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि अख्खी इमारत गेली. पर्पल तिथंच रेकॉर्डिंग करणार होते. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी बघितला आणि 'स्मोक ऑन द वॉटर' झालं. मग एका बंद हॉटेलच्या बोळात गाद्या लावून अल्बम उरकला.

गिटार हातात घेतलेलं प्रत्येक पोरगं पहिलं तेच वाजवतं, मीही वाजवलं. गंमत म्हणून वाजवायचो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. शाहू महाराजांनी 1915 ला बांधलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माझ्या शेजारी एक आजोबा होते, अंगावर घरातला सदरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ते काहीच बोलत नव्हते, फक्त वर गेलेला पत्रा वाकायला लागला की "आता हे गेलं" एवढं म्हणायचे. तेव्हापासून ती चार स्वरांची धून माझ्या हातून गमतीत वाजत नाही.

इंग्लिश_मॅडम

कॉलेजच्या एकांकिकेला त्या रंगमंचावर उभी राहिले होते. इथं हे वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

दुधाळीची

पुरातली माणसं आहेत का इथं कुणी?

माझा अल्बम पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर', 1975. दादा दुबईला गेला तेव्हा मी आठवीत. जाताना टेबलावर ही कॅसेट ठेवून गेला, आणि अल्बम वगैरे काही माहीत नसल्यामुळं मला वाटलं ही चिठ्ठीच आहे, नाव वाचून. चिठ्ठीसारखीच ऐकली. नंतर कळलं की तो अल्बम त्यांच्यातून निघून गेलेल्या सिड बॅरेटसाठी आहे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना तो स्वतः स्टुडिओत आला तर त्याला कुणी ओळखलंच नाही. केस, भुवया सगळं काढलेलं. दादा दहा वर्षांनी परत आला तेव्हा मी ओळखलं, पण तो थोडा वेळ ओळख पटवत होता.

2019 च्या ऑगस्टमध्ये घरात छातीइतकं पाणी. कपाट आडवं झालेलं. पाणी उतरल्यावर चिखलातून कॅसेट काढली. ती स्क्रूची नव्हती, चिकटवलेली होती, त्यामुळं ब्लेडनं फोडावी लागली. रीळ डिस्टिल्ड वॉटरमधून काढलं, वरच्या खोलीत दोरीवर सैल सोडून वाळवलं, दोन ठिकाणी तुटलं होतं ते चिकटपट्टीनं जोडलं. मग नवीन कवच हवं. घरात स्क्रूची कॅसेट एकच, आईची, काकड आरतीची. आईनं परवानगी दिली, तिच्याकडं आता फोनवर आहे म्हणाली.

आता माझा फ्लॉइड काकड आरतीच्या कॅसेटमध्ये राहतो. लेबल काढलेलं नाही. पाहुण्यांना लावून दाखवते.

मिसळ_जास्त_कट

नाद खुळा! त्या जोडलेल्या दोन ठिकाणी काय होतं ऐकताना?

दुधाळीची

एका ठिकाणी अर्धा सेकंद गायब. दुसऱ्या ठिकाणी गिटार किंचित बुडतं आणि वर येतं. मला आता ते तसंच लागतं.

हायवे_एनएच४

कुणीच बेंगळूरचं काढलं नाही? 17 मार्च 2007, पॅलेस ग्राउंड्स, मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम. आम्ही पाच जण, सहाशे किलोमीटरच्या वर, बेळगाव-हुबळी-दावणगिरी करत रात्रभर. घरी सांगितलेलं मित्राच्या बहिणीचं लग्न. कार्यक्रमाचं वर्णन करत नाही, गळा तीन दिवस बसला होता एवढंच.

परतीच्या बसमध्ये बसलो तर सगळे प्रवासी गप्प. कुणीतरी मेल्यासारखं. विचारलं तर कळलं, वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशनं हरवलंय आपल्याला. आम्ही पाच जण काळे टी-शर्ट घालून, चेहऱ्यावर हे एवढं हसू. धारवाडच्या एका काकांनी आमच्याकडं असं बघितलं की निपाणीपर्यंत तोंडावर रुमाल ठेवून बसलो.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, लग्न कसं झालं? आवाजच फुटेना. म्हणाली, एवढं काय रडायचं, पोरगी सासरीच गेली ना.

पेठेतला

मेलो हसून!

एमआयडीसी_शिरोली

@हायवे, त्या पाचात मी नव्हतो, पण मेटॅलिकाला होतो, 30 ऑक्टोबर 2011, तिथंच. दिल्लीकडचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झालेला. तिकीट पहिल्या पगारवाढीतनं काढलेलं. कंपनीत आजारपणाची रजा टाकली. तेव्हा खाली काम करणारे ऐकत नाहीत हे माझं वरचं विधान थोडं सैल करून घ्या.

उद्यमनगरी

@एमआयडीसी, सैल केलं. इओमीइतकं.

आता माझी कबुली. मी क्रमाची एवढी भाषणं ठोकली, पण खोका उघडून बसलो आणि लाज वाटली. माझा खरा अल्बम सबाथचा नाहीच. तो भारी दिसतो म्हणून लिहिला. माझा अल्बम मेटॅलिकाचा 1988 चा '…अँड जस्टिस फॉर ऑल', मित्राकडून साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेला. अल्बम पासष्ट मिनिटांचा. पहिल्या बाजूला 'वन'चा शेवट काही सेकंद तुटतो. दुसऱ्या बाजूला चार गाण्यांत तीस मिनिटं भरतात आणि खट्कन बटण वर येतं. नववं गाणं 'डायर्स ईव्ह', ते कॅसेटवर आलंच नाही. कॅसेटवर नावं लिहिलेली नव्हती. अल्बममध्ये नववं गाणं आहे हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं.

त्याहून भारी पुढं. त्यात बेस गिटार ऐकू येत नाही. मला वाटलं आपल्या टेपचा हेड सरकलाय. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की आवाज उघडतो नाहीतर दबतो. वडिलांच्या पेटीतला सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन मी संध्याकाळ-संध्याकाळ तो स्क्रू फिरवत बसायचो. पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. स्पिरिटनं हेड पुसायचो. बाकीच्या सगळ्या कॅसेटचा आवाज बिघडवला, किशोरकुमार पाण्यातून गायल्यासारखा यायला लागला. बेस काही सापडेना. पुढं कळलं की अल्बमच तसा आहे. त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन 1986 च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला, आणि मिक्सिंग करताना त्याचा बेस जवळजवळ पुसूनच टाकला. जगभर लोक 'बेस कुठाय' विचारतायत आणि मी उद्यमनगरात स्क्रू पिळतोय.

पण त्या शोधापायी तो अल्बम मी इतका कान लावून ऐकला की दुसरा कुठला तसा ऐकला नाही.

सायबरकॅफे_२००३

म्हणजे तुमचं नाटक शेवटच्या प्रवेशाआधीच पडदा पाडून, एक नट मुका ठेवून बघितलेलं. आणि आम्हाला तिसरी घंटा सांगताय!

गायनवेडा_६२

साडेतीन मिनिटं. मी आधीच म्हटलं होतं.

इंग्लिश_मॅडम

पण मूळ प्रश्न राहिलाच की. पोराला काय ऐकवलंत?

उद्यमनगरी

मॅडम, काल रविवारी ऐकवलं. मतदान घेतलं असतं तर मास्टर ऑफ पपेट्स निघाला असता, पण ते सोडून तीच साठ मिनिटांची कॅसेट लावली. टेपचा पट्टा सैल झालाय, आवाज किंचित हलतो. फोन आईकडं दिला. पहिली बाजू गुमान ऐकली, 'वन' तुटलं तेव्हा माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही. कॅसेट उलटली. दुसऱ्या गाण्याला तो टेपजवळ सरकला, कान स्पीकरला लावला, आवाज वाढवला, कमी केला.

म्हणाला, "पप्पा, ह्याचा बेस कुठाय? टेप बिघडलाय काय?"

ड्रॉवरमधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला.

रंकाळ्यावरचा_बगळा

भावा!! आणि नववं गाणं?

उद्यमनगरी

अजून सांगितलं नाही.